अंशतः खरे आहे

मार्च लागला की नरिमन पॉइंटच्या कोपऱ्याकोपऱ्यावर लोखंडी अडथळे येऊन उभे राहतात. पोलिसांच्या गाड्या, झाडाखाली सावली धरून बसलेल्या महिला शिपाई, गावाकडून आलेली शिष्टमंडळं, त्यांच्या हातातली प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली निवेदनं. परवा एका कामासाठी दादरहून बसने तिकडे गेले होते. बस अलीकडेच थांबली. कंडक्टर म्हणाला, "अधिवेशन आहे, इथनं चालत जा." निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली मी बाई, आणि भर उन्हात मी घड्याळ पाहिलं. वाटलं, कुठलं तरी उत्तर पाठवायचं राहिलंय.

इतरांच्या लेखी मार्च म्हणजे होळी, मुलांच्या परीक्षा, बाजारात आलेली पहिली कैरी. माझ्या लेखी मार्च म्हणजे बंद पंखे. अधिवेशनाच्या दिवसांत मंत्रालयातल्या आमच्या कक्षात पंखे लावता येत नसत. टेबलावर, खुर्चीवर, जमिनीवर सुटे कागद पसरलेले असत, आणि त्यातला एक जरी उडून कपाटामागे गेला तरी दुपारपर्यंत कुणाची तरी नोकरी टांगणीला लागे. घामाने मनगट कागदाला चिकटायचं. झेरॉक्समधून निघालेल्या गरम कागदांचा वास डब्यातल्या पोळीलाही लागायचा. मी कक्ष अधिकारी होते. म्हणजे आमदाराने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा माझ्या टेबलावर जन्माला यायचं, मग वर वर जात सचिवांकडे, तिथून मंत्र्यांकडे, आणि शेवटी सभागृहात मंत्र्यांच्या तोंडून बाहेर पडायचं. तोवर ते माझं राहिलेलं नसे.

त्या उत्तरांची भाषा ठरलेली. 'होय, हे खरे आहे.' 'हे खरे नाही.' 'माहिती घेण्यात येत आहे.' 'प्रश्न उद्भवत नाही.' आणि या सगळ्यांत गुणी, सगळ्यांना सांभाळून घेणारं, 'हे अंशतः खरे आहे.' घरी या वाक्याची थट्टा चाले. जेवलीस का, असं भावाने फोनवर विचारलं की शेजारून माझे यजमान म्हणायचे, "अंशतः." आम्ही हसायचो. त्या एका मार्चनंतर ती थट्टा घरात कुणी केली नाही. मीच करू दिली नाही.

त्या वर्षी आमच्या खात्याचे मंत्री नवे होते. त्यांना सगळे साहेब म्हणत आणि सचिवांना मॅडम. मीही तसंच म्हणते. खातं घरांशी संबंधित होतं, एवढं सांगितलं तरी पुरे.

साहेब गावच्या तालमीतून, पंचायत समितीतून वर आलेले. एकदा ऐकलेलं नाव विसरत नसत. शिपायाच्या मुलीच्या दहावीचा निकाल त्यांना पाठ. फाइल मात्र ते कानाने वाचत. मी फाइल उघडली की हात वर करून म्हणत, "ताई, कागद राहू द्या. सांगा तोंडानं." मॅडम दक्षिणेकडच्या. पहिल्या नेमणुकीत मराठवाड्यात मराठी शिकलेल्या, त्यामुळे इतकं शुद्ध आणि सावकाश बोलायच्या की आपलंच बोलणं आपल्याला गबाळं वाटावं. त्या फाइलच्या कडेला बारीक अक्षरात दोनच गोष्टी लिहीत. 'कोणी पाहिले?' आणि 'केव्हा?'

दोघांचं पटत नव्हतं असं बाहेर बोललं जाई. तेही पुरतं खरं नव्हतं. त्या मार्चआधीच्या हिवाळ्यात परळला एक इमारत बांधून तयार होती, पण पाण्याची जोडणी नाही म्हणून चाव्या अडल्या होत्या. साहेबांनी एका कार्यक्रमात कुणाला न विचारता जाहीर करून टाकलं की संक्रांतीला लोक आपल्या घरात तिळगूळ खातील. मॅडम दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाणी खात्याच्या, वीज खात्याच्या, महापालिकेच्या माणसांना एका टेबलाभोवती बसवलं आणि उठूच दिलं नाही. संक्रांतीला चाव्या गेल्या. भिंतींचा रंग ओला होता, बायकांच्या साड्यांना लागला. साहेब खूश होऊन म्हणाले, "बघा मॅडम, तारीख दिल्याशिवाय तुमची यंत्रणा हलत नाही."

मॅडम म्हणाल्या, "सर, ती इमारत उभी होती. नसलेली इमारत तारखेने उभी राहत नाही."

साहेब हसले. मीही हसले. एक चांगलं काम झालं होतं, आणि हसायला काय लागतं?

मार्चमध्ये तो प्रश्न माझ्या टेबलावर आला. लालबागमधल्या अमुक चाळीच्या रहिवाशांना पुनर्विकासासाठी वडाळ्याच्या संक्रमण शिबिरात हलवून नऊ वर्षं उलटली, तरी त्यांना घरं मिळालेली नाहीत, शिबिरातली लिफ्ट वर्षभर बंद आहे, म्हातारीकोतारी माणसं वरच्या मजल्यांवर अडकून पडली आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, घरं केव्हा देणार?

ती चाळ माझी होती. दुसऱ्या मजल्यावरच्या तेरा नंबरच्या खोलीत मी जन्मले. लग्न होऊन दादरला गेले, पुढे आईवडील गेले, खोली भावाच्या नावावर झाली आणि तो पुण्याला स्थायिक झाला. माझं तिथे कायद्याने काही उरलं नव्हतं. उरले होते ते समोरच्या खोलीतले दशरथकाका.

काका गिरणीत साचेखात्यात, मागांवर, होते. पहिल्या पाळीला जात, त्यामुळे सकाळभर त्यांची खोली मोकळी. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास मी काकांच्या पोटमाळ्यावर केला. सुमनकाकी तांदूळ निवडायला मुद्दाम बाहेर गॅलरीत बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून गप्प करत. काका पाळी संपवून घरी येत तेव्हा दाराबाहेर उभे राहून आधी खाकरत. स्वतःच्याच घरात शिरताना! मी पुस्तकं आवरू लागले की म्हणत, "बस गो, बस. माझा काय, हातपाय धुवन् गॅलरीत बसतंय." निकाल लागला तेव्हा माझ्या वडिलांच्या आधी त्यांनी चाळभर सांगितलं, "आमचा नीलू सरकारात गेला." नीलू म्हणजे मी; मालवणीत घरची पोर अशीच 'गेला' होते.

आता काका वडाळ्याच्या शिबिरात, तात्पुरत्या घरांच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर होते. खुब्याचं हाड मोडलं होतं, ते बसलं वाकडंच. काठी घेऊन खोलीतल्या खोलीत फिरत. लिफ्ट बंद पडल्यापासून ते खाली उतरले नव्हते. खिडकीतून रेल्वेचं यार्ड दिसे, पलीकडे मिठागरांची पांढरट जमीन. तेवढंच त्यांचं बाहेर.

हा प्रश्न माझ्या ओळखीच्या माणसांचा आहे, तो दुसऱ्या कुणाला द्या, असं मी मॅडमना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मला वाटलं, दुसरा कुणी घाईत चार ओळी खरडेल, मी निदान जीव लावून लिहीन. जीव लावून मी काय लिहिलं? '(१) हे अंशतः खरे आहे.' कारण आमदाराने नऊ वर्षं म्हटलं होतं आणि कागदावर आठ वर्षं दहा महिने भरत होते. पुढे लिहिलं, 'काम प्रगतिपथावर आहे.' ते मागच्या उत्तरातून तसंच उतरवलं होतं.

मॅडमनी माझी ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'काम सातव्या मजल्यावर थांबले आहे.' तेच खरं होतं. विकासकाने काम सोडलं होतं, नवा नेमायचा तर जुना कोर्टात गेला होता. चौदा मजल्यांच्या इमारतीचे सात मजले गवत उगवत उभे होते.

प्रश्न सभागृहात यायचा होता त्या सकाळी साहेबांच्या दालनात तयारीची बैठक झाली. साहेबांनी नाश्त्याची बशी बाजूला सारली.

"थांबले आहे? मॅडम, मी उभा राहून 'थांबले आहे' म्हणू? समोरचे काय करतील माझं?"

"सर, ते खरं आहे."

"खरं आहे ते मलाही कळतंय. पण पुढचं काय? पुढचं सांगा मला. केव्हा होईल?"

"कोर्टाचा निर्णय आल्याशिवाय सांगता येणार नाही."

"अंदाजे?"

"अंदाज द्यायला माझ्याकडे आधार नाही, सर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही त्याच भागातल्या ना? आडनावावरनं वाटतं. लोक काय म्हणतात तिकडं?"

मॅडमचं लक्ष कागदात होतं. मला बोलता आलं असतं. काकांचं नाव घेता आलं असतं. मी म्हटलं, "लोक वाट बघतायत, सर."

साहेबांनी 'थांबले आहे' खोडून पुन्हा 'प्रगतिपथावर आहे' केलं. मॅडमनी शेजारी तारीख घालून लिहिलं, 'मा. मंत्री महोदयांच्या निर्देशानुसार.' साहेबांनी ते वाचलं आणि मान वळवली. त्या चार शब्दांनी दालनातली हवा अशी घट्ट झाली की चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थांबला.

सभागृहात अधिकाऱ्यांसाठी एका बाजूला बाकं असतात. तिथे बसायचं, ऐकायचं, आणि बोलायचं नाही. पंचवीस-तीस वर्षं राज्य चालवलेला सचिवही तिथे मुका. मंत्र्याला काही सांगायचं तर चिठ्ठी लिहायची आणि शिपायाहाती पाठवायची. सभागृहात उत्तर देणं मंत्र्याचं, सल्ला देणं सचिवाचं. हे पुस्तकात किती स्वच्छ वाटतं. तिथे बसल्यावर कळतं की सल्ला कागदाच्या चार बोटं तुकड्यावर मावावा लागतो.

प्रश्न पुकारला गेला. साहेबांनी उत्तर वाचलं. आमदार उठून म्हणाले, "प्रगतिपथावर म्हणजे काय? तारीख सांगा." मागून आवाज चढले. "तारीख! तारीख!" ओरडणाऱ्यांत साहेबांच्या बाजूचेही काही होते. मॅडम मराठी अक्षर सावकाश काढत, म्हणून त्या माझ्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "लिहा." मी लिहिलं, 'सर, कृपया तारीख देऊ नये. काम बंद आहे.' माझ्या अक्षरात. शिपाई गेला. साहेबांनी चिठ्ठी उघडली, वाचली, एकदा आमच्याकडे पाहिलं. ती नजर रागाची नव्हती. गर्दीत चुकलेला माणूस ओळखीचं कुणी दिसतंय का बघतो, तशी होती. मग त्यांनी चिठ्ठीची बारीक घडी केली, जाकिटाच्या खिशात ठेवली, माइककडे वळले आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, येत्या दिवाळीपूर्वी या रहिवाशांच्या हातात चाव्या देऊ."

बाकं वाजली. दोन्ही बाजूंची. मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि समोर बघत हळूच म्हणाल्या, "नोंद घ्या." मी नोंद घेतली.

नंतर दालनात साहेबांना मी एकटीच सापडले. ते खुर्चीत रेलून डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "ताई, माहीत नाही, असं म्हणायची सोय आहे का तिथं? सांगा मला. इतक्या वर्षांत एकाला तरी म्हणताना बघितलंय?" मी नव्हतं बघितलं. "आता दिलीय ना तारीख," ते म्हणाले, "आता पळतील सगळे. परळला नाही का पळाले?" त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता. खोटं बोलणाऱ्या माणसावर रागावणं सोपं असतं. विश्वास ठेवून बसलेल्या माणसापुढे हातात फाइल घेऊन नुसतं उभं राहावं लागतं.

चार दिवसांनी, रविवारी, मी वडाळ्याला गेले. जायला नको होतं, पण काकींनी फोन केला होता. शिबिराच्या दारातच कुणीतरी माझ्या हातावर पेढा ठेवला. जिन्यात पोरं ओरडत होती. ज्या जिन्याचे कठडे तुटलेले, दिवे नाहीत, त्या जिन्यात त्या दिवशी सण होता. वर काका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, दाढी केलेली, धुतलेला सदरा.

"ये गो. बस." त्यांनी काकींना चहा टाकायला सांगितलं आणि काकी आत वळल्यावर आवाज खाली आणला. "नीलू, मानखुर्दाक तळमजल्यार खोली देतत म्हणतत. म्हाताऱ्या माणसांका. आठ दिवसांत सांगूचा आसा. प्रकाश म्हणता, जाऊया." प्रकाश त्यांचा मुलगा. "पण दिवाळीक घर गावणार असात, तर सात म्हयन्यांसाठी ह्यो पसारो घेऊन कित्याक जावचा? ह्या वयात दोनदा बिऱ्हाड हलवूक नको वाटता. तू आतली. खरा काय ता सांग. दिवाळीक गावतला?"

'काका, तुम्ही मानखुर्दला जा.' एवढंच म्हणायचं होतं. यात कुठल्या फाइलचा क्रमांक नव्हता, कुठलं गुपित नव्हतं. पुढची कित्येक वर्षं मी हे वाक्य मनात म्हणून पाहिलं आहे. बोलायला एक श्वास पुरतो. पण त्या क्षणी मला नियम दिसले, मॅडमची नोंद दिसली, सचिवांच्या टिपणीतलं बाहेर गेलं म्हणून घरी बसवलेला एक सहकारी दिसला. आणि कबूल करते, परळचा ओला रंगही दिसला. वाटलं, झालंच तर? साहेब म्हणतात तसे सगळे पळाले तर?

मी म्हटलं, "सभागृहात सांगितलंय, काका. तिथे बोललेलं नोंदवलं जातं."

हे खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं होतं.

"नोंदवला जाता?" काकांचा चेहरा उजळला. "मगे झाला तर." त्यांनी आत हाक मारली, "ऐकलंस? आपण जावचा नाय."

काकींनी चहाबरोबर कोरा कागद आणला. खोली नको म्हणून कळवायचं होतं. प्रकाश पेन शोधू लागला तशा काकी म्हणाल्या, "नीलू लिहीत. तिचा अक्षर बरा." मी लिहिलं. 'सदर पर्यायी खोलीची मला आवश्यकता नाही.' एका आठवड्यात माझ्या अक्षरात लिहिलेला तो दुसरा कागद. काकांनी खाली सही केली आणि पेन मला परत दिलं.

त्यानंतरचा उन्हाळा मला नीटसा आठवत नाही. फाइली आठवतात. सभागृहात दिलेल्या आश्वासनाचं काय झालं, असं विचारणारी पत्रं येऊ लागली. एक समितीच असते त्यासाठी. मॅडमनी टिपणी ठेवली, तीत सगळं क्रमाने होतं. आपण काय सुचवलं, चिठ्ठी केव्हा गेली, काय लिहिलं होतं. साहेबांनी ती, या वेळी डोळ्यांनी, वाचली.

"मॅडम, तुम्ही माझ्याविरुद्ध फाइलवर लिहिता?"

"विरुद्ध नाही, सर. घडलं ते लिहिलं."

"आपण दोघं एका गाडीत आहोत, हे विसरताय."

"नाही विसरले, सर. मी मागे बसते. रस्ता दिसला तर सांगते. चाक तुमच्या हातात."

साहेबांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "गाडी दरीत गेली, तर मागे बसलेला वाचतो का?"  नवा विकासक नेमण्यासाठी मॅडमनी त्या महिन्यांत जिवाचं रान केलं, हेही मी पाहिलं आहे. कोर्टाच्या तारखांना त्या स्वतः जाऊन बसत. ज्या तारखेला देऊ नका म्हणाल्या, तिच्याचसाठी धावल्या. पावसाळा संपता संपता त्यांची बदली झाली. कारण दिलेलं नव्हतं, तसं देतही नाहीत. वर्तमानपत्रात मात्र छापून आलं की अधिकाऱ्यांच्या दिरंगाईमुळे मंत्र्यांचं आश्वासन लांबलं.

जायच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. टेबल रिकामं होतं. म्हणाल्या, "नीला, तुम्ही त्या चाळीतल्या आहात, हे मला नंतर कळलं. मला आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर काय केलं असतं, मॅडम?"

"तो प्रश्न तुमच्याकडून काढून घेतला असता."

"त्याने काय झालं असतं?"

त्यांनी थोडा विचार केला. "निदान तुम्हाला माहीत नसतं," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं झाली, त्या वाक्यात दया जास्त होती की कोरडेपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दिवाळी आली. शिबिराच्या गॅलऱ्यांत कंदील लागले, नेहमीसारखेच. मी फराळ घेऊन गेले नाही, प्रकाशच्या हाती पाठवला. मार्च आला तेव्हा तोच प्रश्न पुन्हा टेबलावर आला आणि मी लिहिलं, 'माहिती घेण्यात येत आहे.' साहेबांचं खातं बदललं होतं. नव्या सचिवांनी एकही शब्द न खोडता सही केली. मानखुर्दच्या खोल्या केव्हाच दुसऱ्यांना गेल्या होत्या. आज करी रोडच्या पुलावर उभं राहिलं की आमच्या चाळीच्या जागेवरची ती इमारत दिसते. अकराव्या मजल्यापर्यंत आलीय. हिरवी जाळी वाऱ्यावर फडफडते. काम चालू आहे, हे मी आता स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सांगते.

काकांशी माझं बोलणं आहे. महिन्यातून एकदा मी वडाळ्याला जाते. पण दोघंही बेतानं बोलतो, आणि त्याचं कारण एका मतदानाच्या दिवशी घडलं.

तो दिवस मेमधला, मॅडम गेल्या त्याला दीड वर्ष उलटून गेलेलं. माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. मी दुपारी काकांकडे निघाले होते आणि शिबिराच्या आवारात शिरताच थबकले. काका खाली होते. पिंपळाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले, बोटाला शाई. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून खाली आणलं होतं, केंद्रावर नेऊन मत देववलं होतं आणि इथे ठेवून ते दुसऱ्या इमारतीतले म्हातारे आणायला गेले होते. तीन वर्षांनी काका जमिनीवर आले होते.

"नीलू! बघ, उतारलंय." लहान मुलासारखे हसले. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि दोन्ही पावलं मातीवर टेकवली होती. "माती बघ कशी गरम आसा. वाईच हयच बसतंय आज. तेंका सांगलंय, घाई नको."

मी शेजारच्या ओट्यावर बसले. ते रस्त्याकडे बघत होते. बस गेली, भाजीची गाडी गेली, एक बाई पोराला रागावत गेली. काका प्रत्येकाकडे वळून वळून बघत होते. मानेला सवय राहिली नव्हती, ती मध्येच अडायची. ते बघून माझ्याच्याने राहवलं नाही.

"काका, त्या वेळी मला माहीत होतं."

"काय ता?"

"दिवाळीपर्यंत घर होणार नव्हतं. काम बंद होतं. तारीख देऊ नका म्हणून आमच्या सचिव बाईंनी साहेबांना चिठ्ठी पाठवली होती. ती मीच लिहिली होती."

"कधी?"

"तुम्ही विचारलंत त्याच्या चार दिवस आधी."

त्यांनी पावलं मातीवर थोडी मागे ओढली.  मी सांगू लागले, नियम असतात, नोकरी जाऊ शकते, मलाही वाटलं होतं की कदाचित... त्यांनी हात वर केला. गप्प केलं नाही, नुसता वर केला.

"मंत्र्याक मी इचारूक गेलंय नाय," ते म्हणाले. "त्या बाईंकाय नाय. तुका इचारलेलंय, नीलू."

आवाज चढलेला नव्हता. पोटमाळ्यावरून पुस्तकं आवरू लागले की 'बस गो' म्हणायचे, तोच आवाज.  

तेवढ्यात कार्यकर्ते आले. चौघं घामाघूम. "चला काका, वर सोडतो. अजून दोन बिल्डिंगा बाकी आहेत आमच्या."

"वाईच थांबा रे," काका म्हणाले.

"नाही हो काका, टाइम नाही. सहा वाजता बंद होतं."

त्यांनी खुर्ची उचलली. काकांनी दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या. चपला मातीतच राहिल्या होत्या, त्या मी उचलल्या आणि मागून जिना चढू लागले. प्रत्येक मजल्यावर ती पोरं खुर्ची टेकवत, दम घेत, फोन बघत. काका समोरच्या भिंतीकडे बघत बसत. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही आणि मला पुढे होऊन त्यांच्या समोर जायचा धीर झाला नाही. तिसऱ्या मजल्यावर अंधार होता. एका पोराने मोबाइलचा उजेड धरला, त्या उजेडात मला फक्त खुर्चीची पाठ आणि काकांचं पांढरं डोकं दिसत होतं.

काकी दारातच उभ्या होत्या. "झाला?"

"झाला," काका म्हणाले.

पोरांनी त्यांना खिडकीपाशी नेऊन ठेवलं आणि धडधडत उतरून गेली. काकींनी माझ्या हातातल्या चपला घेतल्या. पदराने त्यांची माती पुसली, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, स्टुलावर चढल्या आणि कपाटावर, हिवाळ्याच्या गोधड्यांच्या मागे सारून ठेवल्या. मग मला म्हणाल्या, "बस. च्या टाकतंय."

मी बसले.